एकवीस नंबरची प्लेट

ऑकलंड, ११ फेब्रुवारी

एसेता,

फोन उचलत नाहीस, ठीक आहे. मेसेज बघून न बघितल्यासारखं करतेस, तेही ठीक आहे. हे पत्र मी पास्टरच्या बायकोच्या पिशवीत घालून पाठवते आहे, म्हणजे तिच्यासमोर तुला ते हातात घ्यावंच लागेल. मग खुशाल चुलीत घाल. तिच्यासमोर तू चुलीतसुद्धा हसत हसतच घालशील, मला माहीत आहे.

पेनिना कशी आहे? खरं तर एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यासाठी तीन कागद फाडले.

माझ्याकडे वाढायला दिलेली लेक तू बेटावर परत नेलीस, पण तिची खाट मी अजून आवरलेली नाही. दुपारचं ऊन त्या खाटेवर येतं, उशीवरून सरकत पायथ्याशी जातं आणि भिंतीवर चढतं. सुट्टीच्या दिवशी मी ते बघत बसते. तू म्हणशील, बसली ही पुन्हा स्वप्नं बघत. आईने माझं नाव मोएलांगी, आकाशात झोपलेली, असं ठेवलं आणि तू आयुष्यभर म्हणत आलीस की नाव चुकलं नाही, ही जागी असते तेव्हासुद्धा झोपलेलीच असते. घे, हसून घे.

विमानतळावर तू मला जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "दुनियेच्या पोरांच्या घशातले जंतू मोजतेस, आणि घरातल्या पोरीच्या घशात डोकावायला तुला वेळ नव्हता?" सगळ्या लोकांसमोर बोललीस. मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, हिच्याकडे उत्तर नाही.

पेनिनाचं दर अठ्ठावीस दिवसांचं इंजेक्शन चुकवू नकोस बाई. घसा दुखतो, आपोआप बरा होतो, आणि तीन आठवड्यांनी गुडघे सुजतात, ताप येतो, हृदयाची झडप सुजते. हे एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. तिची झडप आताच गळते आहे, दुसरा घाव तिला सोसायचा नाही. माझ्यावर राग धर, पण तारखेवर लक्ष ठेव.

आणि तिला सांग, मोए-आई औषध करते आहे. इंजेक्शन लागणारच नाही असं औषध. लवकरच.

मोए


ऑकलंड, ३ एप्रिल

एसेता,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन गेला की दार उघडते.

परवा एक स्वप्न पडलं. आपण दोघी ओहोटीच्या पाण्यात बसलो आहोत. मी सहा, तू आठ. पाणी मांड्यांपर्यंत, कोमट. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झालेली. म्हातारा फिआमे नेहमीसारखा दगडावर उभा राहून गाल फुगवून शंख फुंकतो आहे, पण आवाजच नाही. गावात कुणाला कळत नाही वेळ झाली ते. कुणी घरात जात नाही, कुणी चटई अंथरत नाही, बायका रस्त्यात बोलत उभ्या, डुकरं मोकाट. सगळं गाव नुसतं इकडेतिकडे रेंगाळतंय. तू म्हणालीस, "चल गं," आणि मी म्हणाले, "थांब की, अजून कुठे वाजलाय?" पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं आणि मला जाग आली.

उठल्यावर बराच वेळ वाटत राहिलं, आपण करतो ते काम हेच तर आहे.

तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. तुला वाटतं मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसते. ऐक तर. जंतू एकटा असतो तेव्हा बापडा असतो. त्याला ठाऊक असतं की एकट्याने दंगा केला तर चेचला जाईन. म्हणून तो अंगातून एक इवलासा निरोप बाहेर सोडतो. आमच्या घशाच्या जंतूचा निरोप म्हणजे आठ मण्यांची बारीकशी माळ. तिला पेप्टाइड म्हणतात. शेजारचा तो निरोप आत घेतो, आणि तोही सोडतो. चार जण असले तर निरोप पाण्यात विरून जातो. पण गर्दी झाली की पाणी निरोपांनी भरून जातं, आणि मग सगळ्यांना एकदम कळतं की आपण पुरेसे जमलो आहोत. आपल्या गावच्या सभेसारखंच, तिथे प्रत्येक म्हाताऱ्याचा खांब ठरलेला. दोन म्हातारे खांबाला टेकून बसले तर सभा होत नाही. सगळे खांब भरले की ठराव होतो. मग ते एकमेकांना चिकटून थर करतात, अंगावर जाड पांघरूण घेतात, आणि मग त्यांना हलवणं कठीण.

आजवरची औषधं काय करतात, तर ठार मारतात. चांगले-वाईट सगळे मरतात, आणि काही जातींतले जे उरतात ते औषध पचवायला शिकतात. आम्ही मारत नाही. आम्ही तशीच माळ करतो, फक्त एक मणी बदलून. ती खोटी माळ जाऊन खऱ्या माळेच्या जागेवर बसते आणि उठतच नाही. शंख वाजतो, पण कुणाला ऐकू येत नाही. सगळे असतात, पण जो तो एकटा.

आमचा प्रमुख होआनी म्हणतो, याचं श्रेय स्वप्नाला देऊ नकोस, तीन वर्षं पोती भरून प्लेटी धुतल्या आहेत आपण. काल मी हे सगळं खिडकीतून बाहेर बघत मनाशी घोळवत होते, तर मागून म्हणाला, "मोए, जागी आहेस का?"

"जागीच आहे."

"मग त्या फ्रीजचं दार लाव. दहा मिनिटं झाली उघडं आहे."

तुझी आठवण आली. तू अगदी याच सुरात बोलायचीस.

मोए


ऑकलंड, १९ जून

एसेता,

झालं! खरंच झालं. कुणाला सांगू? तुझ्याशिवाय मला कुणी आहे का?

अश्रूंत आणि थुंकीत एक पदार्थ असतो. तो जंतूंच्या भिंती कुरतडतो. देवाने आपल्याला जन्मतः दिलेलं औषधच म्हण. आम्ही वापरतो तो अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेला, बाटलीत येतो. पण आमचा घशाचा जंतू निरोप पोचला की पांघरूण घेतो, आणि मग त्याला हा पदार्थ फारसा बाधत नाही. रडा किती रडायचं ते.

सोमवारी आम्ही त्यांना खोटी माळ दिली आणि मग वरून तो पदार्थ घातला. मंगळवारी सकाळी नळीतलं गढूळ पाणी निवळलेलं होतं. नुसतं अश्रूतलं औषध, एसेता! होआनीने नळी खिडकीशी धरली, पलीकडचं झाड दिसत होतं आरपार.  त्याचं बिस्किट चहात पडून विरघळलं तरी त्याला कळलं नाही.

सगळ्या जातींवर असं झालं नाही. एकवीस नंबरच्या जातीवर सगळ्यात सुरेख झालं. एकवीस नंबर फार बोलका आहे, इतका निरोप कुणीच सोडत नाही. होआनी म्हणतो, हा कुठून आणलास? मी म्हणाले, जुना आहे, पेटीत होता.

बाहेर पाऊस आहे, बारीक, थंड. काचेवर पाणी ओघळतंय आणि मला वाटतंय की सगळं जग कुणीतरी हलक्या हाताने धुऊन काढतंय. दुपारभर मी याच तंद्रीत होते. पेनिना इथे असती तर तिला नळी दाखवली असती.

तिचं जूनचं इंजेक्शन झालं ना?

मोए


ऑकलंड, २४ जुलै

एसेता,

आज स्वप्नबिप्न काही नाही.

पेनिनाचं पत्र मला मिळालं, ते तुला माहीत नसणार. शाळेच्या वहीचं पान, कडेला मासे काढलेले. तिने लिहिलं आहे ते तसंच उतरवते:

"मोए-आई, आई म्हणते ती तुझी पत्रं वाचत नाही. पण ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते आणि मी शाळेतून येते तेव्हा डबा उघडाच असतो. मीपण वाचली. तू औषध करते आहेस हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण इंजेक्शन घेतलं की दोन दिवस नीट बसता येत नाही आणि शाळेत मुलं म्हणतात बदक आलं. म्हणून मी दोन वेळा नर्स आली तेव्हा फणसाच्या झाडामागे लपले. कार्डावर मीच खूण केली. आईला सांगू नकोस हं. तुझं औषध लवकर पाठव."

वाचून होताच तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मग पास्टरच्या बायकोला केला, तिने नर्सला गाठलं, आणि गेल्या शुक्रवारी पोरीला धरून आणून इंजेक्शन दिलं. तू तिला मारलंस असंही ऐकलं. तिला नको मारूस. मारायचं तर मला मार. "लवकरच" हा शब्द मी लिहिला होता, तिने तो खरा मानला.

औषध लवकर होणार नाही. नळीतलं पाणी निवळलं म्हणजे औषध झालं नाही. आधी उंदीर, मग मोठी माणसं, मग मुलं, आणि मध्ये कुठेही सगळं कोसळू शकतं. दहा वर्षं म्हण, पंधरा म्हण. कदाचित कधीच नाही. हे मला फेब्रुवारीतही माहीत होतं. तरी लिहिलं, कारण रिकाम्या हाताने पत्र लिहायची मला लाज वाटली.

आता ज्यासाठी बसले आहे ते लिहिते. 

तू विमानतळावर म्हणालीस, तिच्या घशात डोकावायला वेळ नव्हता का? एसेता, मी डोकावले होते.

ऑक्टोबरचा गुरुवार होता. पेनिना म्हणाली, गिळताना टोचतंय. मी स्वयंपाकघरात खिडकीपाशी तिला आ करायला लावलं. घसा लाल होता. मी पिशवीतली कापसाची काडी काढून घसा पुसला. ती म्हणाली, "गुदगुल्या होतात." घरच्या माणसाचा घसा लॅबमध्ये न्यायचा नसतो, तो दवाखान्यात न्यायचा असतो. पण मला वाटलं, कशाला तिकडे रांगेत उभं राहायचं, मी आहे ना. लॅबमध्ये रक्त घातलेल्या प्लेटवर काडी फिरवली. नियमाबाहेरची म्हणून तिचं नाव नाही लिहिलं, यादीतला पुढचा नंबर लिहिला. एकवीस. प्लेट उबेच्या कपाटात ठेवली. शुक्रवारी सकाळी उघडून बघायची होती.

शुक्रवारी मी रजा घेतली. रविवारी चर्चमध्ये मुलांचा सण, पांढरा रविवार, होता आणि तिचा पांढरा ड्रेस शिवायचा राहिला होता. तुला फोटो पाठवला होता ना, गळ्याला लेस लावलेला? तोच. मी दिवसभर लेस लावत बसले. ती शेजारी बसून चर्चमध्ये म्हणायच्या ओळी पाठ करत होती आणि प्रत्येक ओळीनंतर आवंढा गिळत होती. मला ते दिसत होतं, आणि मला ते गोड वाटत होतं. रविवारी ती उभी राहिली, एक ओळही चुकली नाही, आणि मी रडले. प्लेटची मला आठवणही नव्हती.

बुधवारी कपाट उघडलं. प्लेट भरून ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं पडलेलं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल, हा आमचाच घशाचा जंतू. एसेता, मी काय म्हणाले सांगू? "किती सुंदर" म्हणाले.

घरी आले तर ती दोरीवर उड्या मारत होती. घसा दुखत नव्हता. दहा दिवसांच्या गोळ्या द्यायला हव्यात हे मला पाठ आहे, मी विद्यार्थ्यांना शिकवते ते. मी म्हणाले, उद्या नेते. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. मग वाटलं, आता बरीच आहे. मग तो विचारही येईनासा झाला.

आणि ती प्लेट मी फेकली नाही. जंतू बोलका होता म्हणून वाढवला, नळ्या भरल्या, गोठवून ठेवला. ज्या एकवीस नंबरवर आमचं सगळं जमलं, तो तुझ्या लेकीच्या घशातला आहे.

दवाखान्यात तुझ्यासमोर डॉक्टर म्हणाले, "कुणी वेळेवर घसा तपासला असता तर." मी मान खाली घातली. तू समजलीस दुःखाने. तुझ्या रागापेक्षा तुझी ती समजूत मला जास्त जाळते. तू मला निष्काळजी समजून बोलणं टाकलंस. मी निष्काळजी नव्हते. मी बघितलं, ओळखलं आणि विसरले.

होआनीला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मोए, हे तुझं नाही. ज्या पोरीचा घसा, ज्या घरची पोर, त्यांचं आहे. ठेवायचं की जाळायचं ते त्यांनी सांगायचं. तोवर एकवीसला कुणी हात लावायचा नाही." काम थांबलं आहे. मलाही त्याने बाजूला बसवलं आहे. मी कागद भरते.

मी माफी मागत नाही, ती कागदावर मागायची गोष्ट नाही. फक्त हे वाच आणि पोरीला समजव. नवीन औषध नाही. इंजेक्शन आहे.

मोए


ऑकलंड, २२ सप्टेंबर

एसेता,

दोन महिने झाले. पास्टरची बायको म्हणते, तू पत्र वाचलंस, डबा बंद केलास आणि त्यावर तांदळाचं पोतं ठेवलंस.

तुला आठवतं, मामाच्या ट्रकखाली पलीकडच्या गावचा माणूस आला होता तेव्हा आजोबा पहाटे उठून गेले होते? आपल्या दोघींना आईने हात धरून नेलं होतं, लांबून बघायला. आजोबा त्या घरासमोर खडीवर मांडी घालून बसले, डोकं खाली, अंगावरून चटई घेऊन. आतून तरुण पोरं कोयते घेऊन बाहेर आली होती. चटईखाली आजोबा हलले नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्या मेलेल्या माणसाची बायको आली आणि तिने चटई उचलली, म्हणजे माफ केलं. तू तेव्हा माझा हात इतका दाबला होतास की नखं रुतली होती.

मी येते आहे.

काकांना विचारलं. घराण्याचे प्रमुख ते, खरं तर त्यांनी बसायला हवं. ते म्हणाले, "वेडी झालीस काय? असं चटईखाली माफी मागायला बसणं, इफोगा, दोन घराण्यांत करतात. बहिणीच्या दारात कोण बसतं? त्यात एकटी बाई. लोक तोंडात बोटं घालतील." मी म्हणाले, काका, ते तिच्या नवऱ्याचं, पेसामिनोचं घर आहे. पोर त्यांच्या घरची आहे, आणि आपल्या घरच्या हातून तिचं नुकसान झालं आहे. ते म्हणाले, मग एकटीच बस. म्हणून एकटीच बसते.

आईने विणलेली बारीक चटई माझ्याकडे आहे, लाल पिसांच्या काठाची. माझ्या लग्नात द्यायची म्हणून ठेवली होती, ती गादीखालीच राहिली. आज काढून उन्हात घातली. इतकी मऊ झाली आहे की हातात धरली तर धरल्यासारखी वाटत नाही. नाकाशी लावली तर आपलं जुनं घर. मी तिथेच डोळे मिटून बसले, आणि ओहोटीचं कोमट पाणी पुन्हा मांड्यांना लागलं.

तू उचललीच पाहिजेस असं नाही. दुपारपर्यंत बसेन. नाही उचललीस तर घडी करून परत जाईन, आणि तुला पुन्हा पत्र लिहून त्रास देणार नाही.

मोए


सावाई, १५ ऑक्टोबर

मोए,

पोचलीस का नीट? मला पत्रं लिहायला येत नाहीत, तुझ्यासारखं पाणी गुलाबी वगैरे तर मुळीच नाही. पण चटईखालून तुला काही दिसलं नसणार, म्हणून जे झालं ते सांगते.

शुक्रवारी पहाटे कुत्रं भुंकलं तेव्हाच मला कळलं. पडदा सरकवून बघितलं. अंगणात पांढरं काहीतरी ढिगासारखं. काठाची लाल पिसं दिसली. आईची चटई. मी पडदा सोडला आणि कोको करायला घेतला. तो जळला. दुसरा केला. तोही जळला.

पेसामिनो म्हणाला, "एसेता, बाहेर जा."

"तू जा. घर तुझं आहे."

"बहीण तुझी आहे."

मी गेले नाही. मला वाटत होतं, बस. आणखी बस. माझी पोर तीन आठवडे त्या दवाखान्यात पडून होती तेवढं तरी बस. ऊन वर आलं. शाळेची बस आमच्या दारापुढे हळू झाली, सगळ्या माना बाहेर. समोरची फालेउपोलू तर अंगण झाडायचं निमित्त करून तीच जागा चार वेळा झाडत होती. तू हलली नाहीस. मला तुझा इतका राग आला होता, आणि तुला ऊन लागतंय म्हणूनही राग आला होता.

मग बघते तर पेनिना. मागच्या दाराने कधी गेली कळलंच नाही. चटईचं टोक उचलून आत शिरली. चटईखालून आता चार पाय दिसायला लागले.

मी दारापर्यंत आले आणि खांबाशी थांबले. तुम्ही दोघी कुजबुजत होता. सगळं ऐकू येत होतं, चटईच ती, भिंत नव्हे.

ती म्हणाली, "तुझं औषध कधी होणार?"

तू म्हणालीस, "माहीत नाही. तू बाई होशील तोवर कदाचित. कदाचित होणारच नाही."

"पण तू लवकरच लिहिलं होतंस."

"खोटं लिहिलं होतं."

"मग इंजेक्शन?"

"दर अठ्ठावीस दिवसांनी. मोठी होईपर्यंत. दुखणारच."

तिचे पाय तुझ्या पायांजवळ सरकले. मग म्हणाली, "आज आहे. तू हात धरशील?"

आणि तेवढ्यात नर्स फाटकातून आत. बिचारी बावीस वर्षांची पोरगी, पहिलीच नोकरी. तिला कळेना, इफोगाच्या मध्ये जायचं की नाही. मला म्हणते, "मी नंतर येऊ?" मी म्हणाले, "अजिबात नाही. तारीख आहे." मग ती गुडघ्यांवर बसली, पेटी उघडली आणि डोकं घातलं चटईखाली. तिची पाठ तेवढी बाहेर. फालेउपोलूचा झाडू हातातून पडला. अशा वेळी चटईखाली इंजेक्शन घेणारी आमची पेनिना पहिलीच असेल.

ती ओरडली. मग तू रडायला लागलीस, मग तीही, आणि आत घुसलेली ती नर्स "झालं झालं" म्हणता म्हणता तीही. तिघी. चटई नुसती थरथरत होती. तेव्हा मी खांब सोडला. पायात चप्पलही नव्हती.

चटई उचलताना मी काही बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर शिव्या आल्या असत्या. त्या आता देते. मूर्ख आहेस तू. बघून विसरलीस! ते मी विसरणार नाही, मोए. रविवारी ती पुन्हा पांढऱ्या ड्रेसमध्ये उभी राहिली, गेल्या वर्षीचाच, तुझी लेस लावलेला, आणि आवाज चढवताना तिला दम लागला तेव्हा माझी छाती फाटली. तूही बघितलंस, मला माहीत आहे. नंतर मुलं आधी जेवायला बसली तेव्हा तू तिच्या पानात वाढत होतीस आणि तिचे श्वास मोजत होतीस. मी बघितलं. असं आपण दोघी मरेपर्यंत बघत राहणार. पण बघू तर एकत्र. मी पोर तुझ्याकडे दिली तेव्हा तिला दोन आया आहेत म्हणूनच दिली होती, आता एक कमी करून तिचं काय भलं होणार आहे?

आणि हो, तुझ्या त्या पत्रात होतं ना, अश्रूंत औषध असतं म्हणून. मग त्या चटईखाली एकही जंतू जिवंत राहिला नसेल. होआनीला सांग.

पुढचं इंजेक्शन आठ नोव्हेंबरला, सकाळी नऊ. त्या वेळी फोन कर, ती तुझा आवाज ऐकत घेईन म्हणते. मी उचलीन.

तुझ्या एकवीस नंबरचं पेनिनाला विचारलं. जाळायचं की ठेवायचं? तिने खूप विचार केला, जेवतासुद्धा नव्हती धड. शेवटी म्हणाली, ठेव, बहिरे कर सगळ्या जंतूंना. पण त्याच्यावरचा नंबर पुसून तिचं नाव लिहायचं. नाव असलं की मोए-आई वेळेवर उघडून बघेल.

एसेता